उज्जैनला दोन खोल्या हव्या होत्या

उज्जैनला बदलून आलेली दोन माणसं त्या काळात भेटली, की तब्येतीची चौकशी नंतर व्हायची. पहिला प्रश्न, "मकान मिला?" ज्याला मिळालं असेल तो "हो" म्हणून पुढे जाई. ज्याला मिळालं नसेल त्याच्याकडे सांगायला काहीतरी असेच. आम्हाला बरेच दिवस मिळालं नाही, म्हणून आमच्याकडे किस्से फार साठले.

राज्यांची नवी वाटणी नुकतीच झाली होती. मी नागपूरचा. माझं गाव मुंबई राज्यात गेलं आणि माझी नोकरी मध्यप्रदेशात आली. माझ्यासोबत ग्वाल्हेरचा दिघे आणि जबलपूरचा तिवारी. तिघेही एकाच दफ्तरात कारकून, आणि राहायलाही दफ्तराच्याच मागच्या खोलीत, जुन्या राज्यांच्या कागदांनी भरलेल्या पेट्यांच्या मध्ये सतरंज्या टाकून. साहेबांना माहीत होतं, पण ते तिकडे बघत नसत.

तिघांत घाई मला होती. माझी बायको कमल, तिचे दिवस भरत आले होते. तिला आई नाही. बाळंतपण नागपूरला भावाकडे व्हायचं ठरलं होतं, तर त्या भावालाच मुंबईला जायचा हुकूम झाला. त्याचं बिऱ्हाड मोडलं. आता कमल आत्याबाईंना घेऊन उज्जैनला येणार होती, आणि तिला उतरवायला माझ्याकडे भिंतीचा एक कोपरासुद्धा नव्हता.

पहिली जागा पाहिली फ्रीगंजमध्ये. मालक कापडाचे व्यापारी. त्यांनी आम्हाला गादीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "आप पक्के हैं या कच्चे?"

मी म्हटलं, "पक्का. सरकारी नोकर आहे... सरकारी नौकर हूँ."

"कौन-सी सरकार?"

मी सांगितलं.

"और उसके पहले?"

तेही सांगितलं. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग अगदी मायेने म्हणाले, "बाबूजी, मेरे देखते-देखते यहाँ तीन सरकारें हो गईं. सरकार ही पक्की नहीं है, तो आप कैसे पक्के हुए?"

ते थट्टा करत नव्हते. तिवारी परतताना रस्ताभर याला उत्तर शोधत होता. त्याला सापडलं नाही. मला अजूनही सापडलेलं नाही.

दिघेची तऱ्हा वेगळी. त्याला माधवनगरमध्ये पागनीस नावाचे गृहस्थ भेटले. शिंद्यांच्या पदरी पूर्वज आलेले, घरात मराठी, पण उज्जैनची. ते म्हणाले, "एकट्या माणसाला आम्ही खोली नाही देत. पहिले बायकोला घेऊन या, मग बात करू."

दिघेने ग्वाल्हेरला बायकोला पत्र टाकलं. तिचं उत्तर आलं, "आधी खोली पक्की करा, मग मी येते."

दिघे ते पत्र घेऊन पागनिसांकडे गेला. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि ते खूश झाले. "बाई मोठ्या समजदार दिसतात. खोली त्यांनाच देऊन टाकू."

दिघेला हायसं वाटलं. "मग चावी?"

"त्या आल्या की देतो ना."

भाडं परवडेल म्हणून आम्ही भैरवगढलाही गेलो. तिथे कापडावर ठशांनी छपाई चालते. एका छपाईवाल्याची खोली आम्हाला आवडली. अंगणात रंगीत चादरी वाळत होत्या, त्यांच्या मधून वाकून जावं लागे. "लाल चादरीवालं घर," अशी खूण दिघेने पक्की ठेवली. तिवारी दिघेला म्हणाला, आधी आपण दोघं राहू, जमलं तर वझलवार, म्हणजे मी, बायकोला आणेल.

संध्याकाळी सामान घेऊन पोचलो, तर चादरी वाळून घरात गेलेल्या. सगळी अंगणं सारखी, सगळी दारं सारखी. दिघे एका घराकडे बोट दाखवून म्हणाला, "हेच." आत गेलो. एका म्हाताऱ्या बाईने सामान ठेवून घेतलं, हातपाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला, चहाबरोबर शेव दिली. आम्हाला वाटलं, काय माणसं आहेत. मग तिने तिवारीकडे निरखून पाहत विचारलं, "तो लड़का इनमें से कौन-सा है?"

त्यांच्याकडे त्याच संध्याकाळी नातीला बघायला पाहुणे यायचे होते. आम्ही काय झालं ते सांगितलं आणि ट्रंका उचलल्या. बाई म्हणाली, "चाय तो पूरी पी लो." लाल चादरीवालं घर आम्हाला पुढे सापडलंच नाही. तिवारी तेव्हा बिनलग्नाचा होता. नंतर पुष्कळ दिवस भैरवगढचा विषय निघाला की तो कागदांत डोकं घालत असे.

शेवटी मला एक माडीवरची खोली मिळाली. मालक तरुण, सभ्य, काही विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही माझी ट्रंक घेऊन गेलो, तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक वयस्कर गृहस्थ बसलेले.

"ऊपर कहाँ?"

"कमरा लिया है."

"लिया होगा. कमरा छोटे का है. जीना मेरा है."

एवढ्यात धाकटे, म्हणजे माझे मालक, बाहेर आले. मला वाटलं, आता भांडण होणार. ते म्हणाले, "भैया ठीक कह रहे हैं."

मी गोंधळून विचारलं, "मग तुम्ही स्वतः... आप खुद ऊपर कैसे जाते हैं?"

"मैं? घर के बँटवारे के बाद से मैं गया ही नहीं."

तिवारीने थोरल्यांना हात जोडले. ते म्हणाले, "दे दूँ, पर छोटा माँगे तो सही." धाकटे म्हणाले, "मैं क्यों माँगूँ? मैं तो नीचे रहता हूँ." तिघांनी ट्रंक पुन्हा उचलली. दिघे आणि तिवारी वाटेत हसत होते. मला हसू येत नव्हतं. कमल त्याच आठवड्यात निघणार होती.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच हिंडत होतो. एका गल्लीत दार उघडं दिसलं म्हणून विचारलं. रामनारायणजी नावाचे पेन्शनर मास्तर बाहेर आले. घर दोनच खोल्यांचं, नवरा-बायको दोघंच. देण्यासारखं काही नव्हतं, हे मला दिसत होतं. तरी त्यांनी विचारलं, "कौन आने वाला है?"

मी सांगितलं. त्यांची बायको आतून येऊन चौकटीशी उभी राहिली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "परसों आ जाइए. हम तो देवास जा रहे हैं, बेटी के पास. अब वहीं रहेंगे." भाड्याचं मी जे म्हटलं ते त्यांनी मानलं.

कमल आली. घर सारवलेलं होतं, माठ भरलेला होता, चुलीजवळ सुकी लाकडं रचून ठेवलेली होती. आत्याबाई म्हणाल्या, "देव माणसं दिसतात." कमल त्या रात्री शांत झोपली.

चार-पाच दिवसांनी दिघे दफ्तरात मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझे घरमालक रामघाटाजवळच्या धर्मशाळेत दिसले."

मी तसाच गेलो. धर्मशाळेच्या ओसरीवर बाई शेगडीवर रोट्या भाजत होत्या आणि रामनारायणजी कांदा चिरत होते. मला पाहून दोघांपैकी कोणी दचकलं नाही.

"बहू कैसी है?" त्यांनी विचारलं.

"ठीक है," मी म्हटलं. "आप देवास नहीं गए?"

"गए हैं न."

"पण तुम्ही तर इथे... आप तो यहाँ हैं."

"देवास में ही हैं हम," ते कांदा चिरता चिरता म्हणाले. "बहू पूछे तो यही बताना."

बाईंनी एक थाळी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "अब देवास आ ही गए हो, तो खाना खाकर जाना."