सातव्या प्रकरणातली लठ्ठ बाई

कुमासी शहरातल्या कोर्टासमोर कडुलिंबाखाली आम्ही दोघं टाइपरायटर घेऊन बसतो. मी आणि कोनादू. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, आणि मास्तरलोकांच्या कादंबऱ्या. बावीस वर्षांत कोनादूनं अकरा कादंबऱ्या टाइप केल्या आणि अकराही वेळा वैतागली. स्वातंत्र्य नवं होतं तेव्हा प्रत्येकीत एक गोरा अंमलदार असायचा. मग लंडनहून परतलेला मुलगा आला, ज्याच्या घशाखाली आईनं कांडलेल्या फुफूचा घास उतरत नाही. मग मोठ्या गाडीतला मंत्री.

"आई तेवढी दर वेळी मरते," ती म्हणायची. "यांच्या खऱ्या आया मला बाजारात भेटतात. चांगल्या धडधाकट!"

यंदा सैनिकांचं राज्य आलं. महागाईचं खापर बाजारातल्या बायकांवर फुटलं. कोनादूच्या बहिणीचं, आफ्रियेचं, कापडाचं दुकान सैनिकांनी पाडलं आणि तिला भर चौकात फटके मारले. तीन आठवडे झाले नाहीत तोच ओफोसू मास्तर नवी कादंबरी घेऊन आले. सातव्या प्रकरणात एक साठेबाज बाई. लठ्ठ, दातांत फट, डाव्या पायानं लंगडणारी. सैनिक तिचं दुकान पाडतात. लोक टाळ्या वाजवतात.

कोनादूचे हात थांबले. "मास्तर, ही माझी बहीण आहे."

"अहो ताई, ते प्रतीक आहे. देशाच्या हावरटपणाचं."

"प्रतीक लंगडतं का हो? सगळं गाव ओळखेल. तिला त्याच बाजारात पुन्हा बसायचंय."

"बरं, लंगडणं काढतो."

"टाळ्यापण काढा. फटके बसतात तेव्हा तिचं काय होतं, ते लिहा."

"मग भ्रष्टाचार हा विषय कुठे राहिला? परीक्षक तोच शोधतात. शुक्रवारी स्पर्धेची मुदत आहे!"

"मग मंत्र्याला लंगडा करा की! दोन पुस्तकं झाली, नुसता गाडीत बसलाय."

मास्तर हसले नाहीत. "ताई, तुमचं काम टाइप करायचं."

तिनं यंत्रातला कागद ओढून काढला, गठ्ठ्यावर ठेवला आणि गठ्ठा त्यांच्या हातात दिला.

चार पावलांवर मी होतो. मास्तर माझ्यासमोर बसले. मी नाही म्हणालो नाही. सातवं प्रकरण आलं तेव्हा हळूच विचारलं, "लंगडणं गाळू ना?"

"राहू द्या," मास्तर म्हणाले. "त्याशिवाय बाई जिवंत वाटत नाही."

मी टाइप करू लागलो. कोनादूनं आपला टाइपरायटर झाकला आणि बहिणीच्या घरी निघाली. गावानं सांगण्याआधी त्या बाईबद्दल आफ्रियेला तिला स्वतःच सांगायचं होतं.