शेठाणीची कासवढाल

शेवटच्या संध्याकाळी माझ्या बायकोने वालाच्या शेंगा सोलता सोलता एका ढालीला आलेलं चार लाखांचं गिऱ्हाईक परत पाठवलं. मी समोरच बसलो होतो. ढाल मोबाईलच्या गेममधली होती आणि लाख म्हणजे त्या गेममधल्या मोहरा. पण चार लाख ते चार लाखच. मी म्हणालो, "अगं, डोकं फिरलंय का तुझं?" ती म्हणाली, "ढाल दूधवाल्याला बोललेय मी. उद्या सकाळी सातला येणारेय तो." आणि पुढची शेंग घेतली.

तिला घरीदारी सगळे शेठाणी म्हणायचे. हे नाव उल्हासनगरच्या एका सिंधी शेठने दिलेलं. तीस वर्षं ती तिथून जीन्सचा सेकंडचा माल उचलायची, म्हणजे शिलाई तिरकी, चेन अडकणारी, एक पाय अर्धा इंच आखूड असा. तो नीट करून बदलापूरला रस्त्यावर चादर पसरून विकायची, आणि बारवीकडच्या पाड्यांवर डोक्यावरून गाठोडं न्यायची. माल घेताना प्रत्येक पँट आतून उलटी करून बघायची. शंभर असल्या तर शंभर. शेठ कपाळाला हात लावायचा. "सेठानी, तू मेरे को रुलाएगी. अरे, बाहर से देख ना." ही म्हणायची, "साईं, बाहर से तो तुम भी अच्छे दिखते हो." दुकानातले कारागीर मशीन थांबवून हसायचे. शेठही हसायचा आणि गठ्ठ्यामागे दोन पँटी फुकट टाकायचा.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बाजार सुटला. बुवापाड्यातल्या आमच्या खोलीत ती पिंजऱ्यात ठेवल्यासारखी बसायची. माझ्यावर डाफरायची, भांड्यांवर डाफरायची. शेवटी आमच्या मुलीने, सुनीताने, आईच्या मोबाईलवर एक गेम टाकून दिला आणि नाव भरलं शेठाणी. त्यात तलवारी घेऊन राक्षस मारायचे होते. हजारो माणसं आपापल्या घरून एकाच वेळी खेळतात. दोन दिवस ही त्यात नुसती फिरली. एक कोंबडीसुद्धा मारली नाही. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली. "अहो, इकडे या. इथे बाजार आहे."

तिचा तो आवाज मी बऱ्याच वर्षांनी ऐकला. बाजार खरंच होता. मोठा चौक, मधे कारंजं, आणि भोवती माणसं आपापला माल मांडून बसलेली. तलवारी, चिलखतं, बूट, ढाली. कुणी लढून मिळवलेला माल विकतोय, कुणी हौसेने घेतोय. शेठाणीने पहिला आठवडा काहीच घेतलं नाही. चौकात उभी राहून भाव ऐकत राहिली. मग मला म्हणाली, "हे लोक रविवारी मोठी लढाई करतात. हरलेले सोमवारी रडत येतात आणि दुरुस्तीच्या पैशासाठी चांगली वस्तू मातीमोल टाकतात. तेच लोक शनिवारी तीच वस्तू शोधत फिरतात." बस. सोमवारी घ्यायचं, शनिवारी विकायचं. सगळी विद्या एवढीच. पण जीन्सबरोबर तीस वर्षं एप्रिलमध्ये पडेल भावाने स्वेटर उचलून थंडीत विकलेल्या बाईलाच ती पहिल्या आठवड्यात दिसते. सुनीता वर्षभर तोच गेम खेळलेली, ऑफिसात हिशेब बघणारी पोरगी. तिला नाही दिसली.

आणि आतून बघायची सवय गेली नाही. गेममधली वस्तू बोटाने फिरवून मागूनपुढून बघता येते. खाली बारीक आकडे असतात, किती मार खाल्लाय, किती दिवस टिकेल. कोण बघतो ते? लोक चकाकी बघून घेतात. शेठाणीला ते आकडे दिसायचे नाहीत, म्हणून मला भरती केलं. मी चौथी शिकलेला, पण लेथवर केसाएवढ्या मापाचं काम केलेला माणूस. मी वाचायचो, "चिलखत अर्धं खलास आहे." ती मोबाईलपाशी तोंड नेऊन बोलायची, मोबाईल लिहून घ्यायचा, "देख बेटा, माल अंदर से उसवा हुआ है. आधे में देगा तो बोल." पलीकडचा थक्क. ह्या आंटीला कसं कळलं?

गिऱ्हाइकाशी मात्र सरळ. विकताना स्वतःच सांगायची, "इसमें इतना मार खाया हुआ है, अंदर से देख ले, बाद में रोना नहीं." मी म्हणायचो, कशाला सांगतेस, तो बघत नाहीये. ती म्हणायची, "तुम्ही लेथवर लोखंड कापलंत, तेवढं पुरे. माझं गिऱ्हाईक कापू नका." महिन्याभरात चौकात नाव झालं. आंटीकडचा माल म्हणजे डोळे झाकून घ्या. आणि मजा अशी की तिच्याकडे कुणी डोळे झाकून घेतलेलं तिला चालायचं नाही.

एकदा मी लोचा केला. ती गुडघा दाखवायला गेली होती आणि दुकान माझ्या ताब्यात. एकाने विजेची तलवार मागितली. भाव टाकताना माझं एक शून्य राहिलं. मशीनवर उजव्या हाताची दोन बोटं गेलीत, तिसरं कुठे पडतं ते कळत नाही. तलवार दहाव्या हिश्शात गेली. तो माणूस थँक्यू लिहून गायब. ती आली, ऐकलं, पाणी प्यायली. मी म्हणालो, "त्याला लिहू या ना, चूक झाली म्हणून. देईल परत." तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चोरी करायला सांगितलं होतं. "भाव आपण बोललो ना? बोललो तर बोललो." संध्याकाळी भाकरी वाढताना मात्र म्हणाली, "आजपासून शून्यं दोनदा मोजायची. मोठ्याने." तेव्हापासून मी बोट ठेवून मोठ्याने मोजायचो आणि ती शेजारी बसून हसायची.

आता कासवढालीचं सांगतो, कारण तसा दिवस आमच्या लग्नातही आला नव्हता. गेमवाल्यांनी एका सणाला कासवाच्या पाठीची ढाल वाटली होती. जड, बेढब, ती घेतली की माणूस धावायचाच थांबतो. चौकात कुत्रं विचारत नव्हतं. शेठाणीने तीन उचलल्या, वांग्याच्या भावात. मी म्हणालो, ही काय खरेदी? ती म्हणाली, "सणाचा माल आहे. लॉट बंद झाला. आता नवीन येणार नाही. बंद लॉट फेकायचा नसतो." चार महिने त्या ढाली पडून होत्या आणि मी रोज टोमणे मारत होतो.

मग एका सकाळी गेममध्ये आगीचा पक्षी आला. त्याच्या आगीत सगळ्या ढाली जळायच्या. कासवाची नाही जळायची. मी चहा घेऊन आलो तर हिच्या दुकानापुढे ही गर्दी. आंटी कासव है क्या, आंटी कासव. वीस हजार. मी विक म्हणालो. ती पोहे भिजवायला उठली. परत आली तोवर चाळीस. मी उठून खोलीत फेऱ्या मारायला लागलो. साठ. शेजारीण आवाज ऐकून आली, तिला वाटलं कुणी पडलं. तिलाही आम्ही बसवून घेतलं. शेठाणी पोह्यांना फोडणी देतेय आणि आम्ही दोघं आकडे ओरडतोय. नव्वद. एक लाख. आणि ही मधेच विचारते, "मीठ बघा हो जरा." एक लाख दहा हजारांना एक ढाल गेली, जेवायच्या आत दुसरी गेली. तिसरी तिने ठेवली. त्या दिवशी आम्ही तिघांनी श्रीखंड आणून खाल्लं. ढाल खोटी, मोहरा खोट्या, पण श्रीखंड खरं होतं आणि तिचा चेहराही. पंचवीस वर्षांची दिसत होती.

त्या मोहरांचं तिला करायचं काय होतं, तेही सांगतो. त्या चौकात कारंज्यासमोर पक्के गाळे असतात. वर पाटी लागते, त्यावर मालकाचं नाव. एक गाळा रिकामा होता, किंमत पाच लाख. तिला तो हवा होता. लोक हसतील, हसू देत. खऱ्या बाजारात तिने एकदा गाळ्यासाठी पैसे साठवले होते. उल्हासनगरला छोटा गाळा होता, बोलणी झाली होती, पाटी काय रंगवायची तेही ठरलं होतं. तेव्हाच माझा हात मशीनमध्ये गेला. गाळ्याचे पैसे माझ्या हाताच्या उपचाराला लागले. नंतरची सगळी वर्षं ती चादरीवर बसली, पालिकेची गाडी आली की गाठोडं बांधून पळाली, आणि एकदाही मला त्याची आठवण दिली नाही. एकदाही नाही. म्हणून मला तो गाळा तिच्यापेक्षा जास्त हवा होता.

आणि आता दूधवाला. सांगलीकडचा माणूस, पहाटे दुधाची गाडी घेऊन फिरतो, सातला मोकळा होतो, मग तासभर गेममध्ये तळ्यावर मासे पकडतो. ते मासे शेठाणी घ्यायची. रोजची बोहनी त्याच्याकडून. पहिल्या माणसाला ती कधीच परत पाठवायची नाही, मासे खपोत न खपोत. तो तिला मावशी म्हणायचा. त्याची म्हैस कधी व्यायली, बायकोचं काय दुखतं, सगळं हिला माहीत. मी म्हणायचो, "दुकान आहे की दवाखाना?" त्याला तिसरी ढाल हवी होती. तेव्हा भाव दोन लाख चालला होता. ती म्हणाली, "जमव. तुझ्यासाठी ठेवते." तो दोन महिने मासे पकडत होता. त्या संध्याकाळी त्याला शेवटच्या थोड्या मोहरा कमी होत्या, उद्या सकाळी पुऱ्या होणार होत्या.

आणि त्याच संध्याकाळी गेममधल्या किंग नावाच्या एका टोळीवाल्याचा निरोप आला. "आंटी, चार लाख. अभी के अभी." बाकीच्या मोहरा मालात अडकल्या होत्या, हातात दीड लाख होते. चार मिळाले की गाळा आमचा. दूधवाल्याच्या दोन लाखांत तो येत नव्हता. म्हणून मी तिच्याशी भांडलो. शेवटच्या दिवशी भांडलो, लपवून काय करू?

"दूधवाल्याला कळणारसुद्धा नाही," मी म्हणालो. "गेली म्हणून सांग."

"मला कळेल ना."

"अगं, गाळा येईल. चौकातला. तुझ्या नावाचा."

"येईल हो. नाही आला तर चादर आहेच की." मग हात थांबवून माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला कशाला एवढी घाई?"

मी उजवा हात मांडीखाली घेतला. तिला कळलं असावं. तिने सोललेल्या वालांचं ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "हे झाकून ठेवा. आणि सकाळी दूधवाला आला की मला उठवा, छातीत जळजळतंय, पित्त झालंय बहुतेक. मी लवकर झोपते."

सकाळी मी सहाला उठलो. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी चहा टाकला, हाक मारली. पुन्हा मारली. मग खांद्याला हात लावला. खांदा गार होता. कारखान्यात मी दोन माणसं गेलेली पाहिलीत, मला कुणी सांगायची गरज नव्हती. तिचे हात सरळ केले, चादर नीट केली आणि शेजारी बसलो. चहा उतू गेला त्याचा वास आला, तेव्हा उठून गॅस बंद केला आणि परत बसलो. पावणेसातला तिचा मोबाईल वाजला. दुकान उघडायचा गजर.

मी दुकान उघडलं. वर किंगचा निरोप होता. "आंटी, साढ़े चार. लास्ट." खोटं सांगणार नाही, मनात आलं. कारंज्यासमोरचा गाळा, वर पाटी, पाटीवर शेठाणी. ती गेली तरी पाटी राहिली असती. माझ्या हातापायी गेलेला गाळा मला एकदा तरी देता आला असता. अंगठा मी त्याच्या नावावर ठेवला होता आणि डोळ्यांपुढे ती होती, भिंतीकडे तोंड करून. मी अंगठा काढला आणि वाट बघत बसलो.

सातला दोन मिनिटं कमी होती तेव्हा दूधवाला आला. "मावशी, आहेस ना? पुरे झाले बघ. गाडी रस्त्यातच उभी केलीय."

मला तिच्यासारखं बोलून लिहिता येईना. एकेक अक्षर दाबत लिहिलं, "आहे."

मी ढाल फिरवली. पुढून बघितली, मागून बघितली, खालचे आकडे वाचले. एक ओरखडा नव्हता. मग त्याला लिहिलं, "आतून बघून घे."

"मावशी, तू दिलीस म्हणजे बघायचं काय."

"तरी बघ."

त्याने बघितली. मी भाव टाकला. दोनावर पाच शून्यं. बोट ठेवून मोठ्याने मोजली. दुसऱ्यांदा मोजली. मग दाबलं.

"मिळाली," त्याने लिहिलं. "मावशी, आज लई हळू लिहितेस. बरं नाही का?"

मी लिहिलं, "हो."

"मग पड जरा. मासे उद्या देतो."

मी दुकान बंद केलं. मोबाईल तिच्या उशाशी ठेवला. दूधवाला आला होता, ढाल दिली, दोनलाच दिली, असं तिला सांगितलं. मग उठलो आणि शेजारणीची कडी वाजवली.