यंत्राची तार आणि आईची पोत

आईच्या दहाव्यानंतरचा तिसरा दिवस, मंगळवार. यंत्राचं भाडं दिवसाला पंधराशे रुपये. तापीच्या घाटावर आम्ही चौघं: जळगावचा माझा मोठा भाऊ, वहिनी, पाण्यात चालणारं मेटल डिटेक्टर घेऊन आलेला यंत्रवाला आणि धुळ्याहून, देवपुरातून, गेलेला मी.

शोधायची होती आईची दोन तोळ्यांची पोत. वडील गेल्यापासून ती गळ्यात घालत नसे, पदराच्या गाठीत बांधून ठेवायची. दहाव्याला तिच्या लुगड्यांचं गाठोडं दगड घालून नदीत सोडताना वहिनीने विचारलं होतं, "गाठी सोडून बघू का?" भाऊ सगळ्यांदेखत ओरडला होता, "सुतकाच्या कपड्यांना हात लावू नको." घरात पोत सापडेना, तेव्हा त्यानेच ठरवलं की ती यावलला, वहिनीच्या माहेरी गेली. वहिनी म्हणत होती, पोत गाठीतच नदीत गेली. नदीत निघाली नाही तर तुमची मुलगीही तिकडेच पाठवतो, असं त्याने तिच्या वडिलांना फोनवर सांगून टाकलं.

सुरुवातीला यंत्र वाजलं. एक नाणं निघालं, एक पितळी घंटी. यंत्रवाला हळू चालतो म्हणून भावाने यंत्राचा दांडा हिसकावला आणि त्याच्या टोकाची तबकडी दगडी पायऱ्यांवरून ओढत नेली. मग आवाज नाही. अर्धा घाट फिरून तो वहिनीला म्हणाला, "झालं समाधान? जा, बॅग भर."

मी यंत्रवाल्याचं स्टीलचं कडं तबकडीखाली धरलं. यंत्र गप्प. केबल तबकडीत शिरते तिथे चिरली होती.

"बठ्ठं पानी आत गयं, भाऊ," यंत्रवाला म्हणाला. "मनी मशीन मरी गयी."

घरातले पंप-मिक्सर मीच दुरुस्त करतो. त्याच्या पिशवीतलं सोल्डरिंग आयर्न चहाच्या टपरीवरच्या प्लगला लावलं. तांबं पाण्याने काळं पडलं होतं. चकचकीत दिसेपर्यंत कापत गेलो. बारीक तारा रंगाला रंग बघून जोडल्या, एकीवरची तांब्याची जाळी दुसरीला लागू दिली नाही. जोडून झाल्यावर पाहिलं, तर आधीच तारेत ओवायची, जोडावर तापवून आवळायची नळी टेबलावरच राहिलेली. सगळं सोडवून पुन्हा जोडलं. वरून रेझिन भरलं. ते सुकेपर्यंत वहिनी पायरीवर उन्हात बसून होती. मी चहा मागवला.

"तीनच सांग," भाऊ म्हणाला. "चोराला नको."

तिने ऐकलं. मान वळवली नाही.

दुपारी यंत्र पाण्यात उतरलं आणि कमरेएवढ्या पाण्यात वाजलं. गाळात इतरांच्याही मयतांची गाठोडी होती. यंत्रवाल्याने आमचं बाहेर ओढलं. आईचं हिरवं लुगडं, पदराला गाठ, गाठीत पोत.

वहिनी उठून भावासमोर आली. "माझ्या वडिलांना फोन करा. सापडली म्हणून सांगा. बाकी काही नको."

भावाने पोत रुमालाला पुसून खिशात घातली. "गाठ तूच मारली असशील. मागून येऊन काढायला."

"भाऊ, तिने त्या दिवशी विचारलं होतं," मी म्हणालो. "मी तिथेच होतो."

"केबलही तूच जोडली ना? दोघांचं बरं जमतं."

वहिनीने घरी जाऊन बॅग भरली. मी स्टँडपर्यंत सोबत गेलो.

यंत्रवाल्याला भावाने हजारच दिले, दुरुस्तीत अर्धा दिवस गेला म्हणून. उरलेले पाचशे मी दिले. स्टँडवर तिला एसटीत बसवताना मी पाकीट काढलं, तर वहिनी म्हणाली, "राहू द्या, भाऊजी." यावलच्या अर्ध्या तिकिटाचे चाळीस रुपये तिने स्वतःच कंडक्टरला दिले.