भिजत घातलेल्या झावळ्या

दिवेआगरला वाडीतल्या एका जुन्या खोलीत माझा स्टुडिओ आहे. आठवड्यातले तीन दिवस माझ्या चित्रांचे आणि बाकीचे गावाच्या कलाकामाचे, हा नियम मीच केला आणि मीच धाब्यावर बसवला. चित्र रंगात आलं की गाव विसरायचं, प्रदर्शनाची मांडणी निघाली की चित्र भिंतीकडे तोंड करून उभं. दोन्हीकडे माझ्या नावानं बोंब.

शेजारच्या काकी झाप वळायच्या. झावळी मधोमध चिरायची, काही दिवस पाण्यात घालून मऊ करायची, मग पाती एकमेकांत गुंफायच्या. असल्या झापांनी पडव्या शाकारतात. वादळात त्यांची वाडी आडवी झाली, मोजकेच माड उरले. "माज्यामागं कोन वळनार गो?" असं त्या म्हणाल्या, तेव्हा मीच तोऱ्यात सांगितलं, मे महिन्यात गावच्या पोरी मुंबईहून सुट्टीवर येतात, तुम्ही शिकवा, मी सगळं जमवते.

काकींनी झावळ्या भिजत घातल्या. नेमकी माणगावच्या प्रदर्शनाची मांडणी माझ्या गळ्यात पडली, मी तारीख पुढे ढकलली. काकींनी पुन्हा माडावर माणूस चढवला, पुन्हा भिजत घातल्या. या खेपेला माझं चित्र रंगात आलं होतं. कसलं चित्र? झापांचंच! एक दिवस उठून गेले असते तर काही आभाळ कोसळणार नव्हतं. पण मला उठायचंच नव्हतं, हे खरं. ताप आलाय अशी थाप मारली. हौदातल्या झावळ्या कुजून वास मारायला लागल्या आणि पोरी मुंबईला परत गेल्या. काकींनी माझ्यासाठी पेज पाठवली. ती मी खाल्ली, वर लोणचंही मागून घेतलं. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दिवाळीनंतर शाळेत गावाचं प्रदर्शन भरवलं. चित्रं निवडणारी मीच, त्यामुळे माझं झापांचं चित्र मधल्या भिंतीवर. काकी आल्या, अगदी जवळ जाऊन बघत राहिल्या.

"कवा काडलंस?"

"मे महिन्यात," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

काकींनी माझ्याकडे पाहिलं. तापाचा विषय काही त्यांनी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

"पातींची टोकं वर केलीस," त्या चित्राकडे वळून म्हणाल्या. "खाली पायजेत. असं शाकारलंस तर पानी घरात येल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग मला शिकवा ना, काकी. उद्याच बसू. आई शप्पथ, उद्या नक्की."

त्यांनी पदराखालून उजवा हात काढून माझ्यापुढे धरला. पावसाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं, बोटं मिटत नव्हती.

"मे म्हयन्यात चालत व्हता गो," त्या म्हणाल्या.