तळटिपांना आवाज देणाऱ्या शालिनीताई

शालिनीताई परबांशी माझी ओळख भांडणातून झाली, आणि ते भांडण मीच उकरून काढलं होतं. मी जन्मांध. मुलुंड-भांडुपच्या मिठागरांच्या इतिहासावर पीएच.डी. करत होतो. मालाडच्या एका केंद्रात ताई आम्हा अंधांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करतात. त्यांच्या आवाजातला एक जाडजूड ग्रंथ ऐकून मी पहिलं प्रकरण लिहिलं, आणि मार्गदर्शकांनी ते परत केलं. "विधानांना आधार कुठे आहेत? असा प्रबंध मी पुढे पाठवणार नाही." ग्रंथाची छापील प्रत चाळून मित्र म्हणाला, "अरे, इथे पानापानाखाली बारीक अक्षरात टिपांचा ढीग आहे!" मला त्यांचा पत्ताच नव्हता.

तडक फोन लावला. "ताई, तळटिपा कुठे गेल्या?"

"गाळल्या रे. मधेमधे आल्या की ऐकणाऱ्याचा धागा तुटतो ना."

"गाळायच्या की नाही ते मला ठरवू द्या की. डोळस माणसं ठरवतातच ना?"

पलीकडून खणखणीत हसू आलं. "बरोबर बोललास. उद्या घरी ये, समोरासमोर भांड. मासे खातोस ना?"

दुसऱ्या दिवशी बांगड्याच्या तिखल्यावर आमचा तह झाला. चूक पटली की ताई सबबी सांगत बसत नाहीत, कामाला लागतात. त्यांनी अख्खा ग्रंथ नव्याने वाचायला घेतला.

पण टीप वाचायची कुठे? आकडा आला तिथेच वाचली तर वाक्य लटकतं. प्रकरणाच्या शेवटी वाचली तर ती कशाची, हे कोणाला आठवणार? बरेच प्रयोग फसले. अखेर ठरलं, की वाक्य पुरं होऊ द्यायचं आणि मग टीप दुसऱ्या आवाजात वाचायची, म्हणजे कुठे काय सुरू झालं ते कानाला आपसूक कळतं. दुसरा आवाज अर्थातच यजमानांचा, वसंतरावांचा. त्यांना आधी विचारण्याची पद्धत त्या घरात नाही.

वसंतराव वाचत झकास, पण गप्प बसत नसत. ग्रंथकार मागच्याच पुस्तकाचा आधार पुन्हा देताना नुसतं 'तत्रैव' लिहून मोकळा होई. पाच-सहा तत्रैव झाल्यावर वसंतरावांचा धीर सुटला. "गो, ह्यो तत्रैव कोण? सगळीकडे ह्येचाच नाव कसा?" तेही ध्वनिमुद्रणात गेलं! मी पोट धरून हसलो. हसून झाल्यावर ताई विचारात पडल्या. डोळस वाचक नजर वर नेऊन आधीची टीप पाहतो, ऐकणाऱ्याने कुठे पाहायचं? तेव्हापासून त्यांच्याकडे तत्रैव आला की पुस्तकाचं नाव पुन्हा पूर्ण वाचलं जातं. आता तर फोनवर बटण दाबून आम्हाला टिपा गाळताही येतात. त्यासाठी प्रत्येक टीप वेगळी नोंदवण्याचं किचकट काम ताई न कंटाळता करून घेतात. मी किती टिपा गाळतो, हे मात्र त्यांना कोणी सांगू नये.

आधार सापडले, प्रबंध मंजूर झाला. ताईंनी तोही ध्वनिमुद्रित केला. ऐकताना लक्षात आलं, की एक टीप गायब आहे. ताईंनी तो ग्रंथ पुन्हा वाचला नसता तर हा प्रबंध झालाच नसता, असं तीत लिहिलं होतं. मी फोन केला.

"मी वाचायला गेले की घसा दाटतो रे. ह्यांना दिली, तर ह्यांचंही तेच. जाऊ दे ना."

तेव्हा जाऊ दिलं. आज ताईंच्या पंचाहत्तरीला जाऊ देणार नाही. हा गौरवग्रंथही ध्वनिमुद्रित व्हायचा आहे, म्हणून ती टीप मी पानाच्या तळाशी नाही, इथे मजकुरातच लिहितो. ताई, तुम्ही तो ग्रंथ पुन्हा वाचलात, म्हणून आज मी कॉलेजात इतिहास शिकवतो. तुमचे उपकार मी विसरणार नाही. तुमची आणि वसंतरावांची प्रकृती ठणठणीत राहो, शंभरीपर्यंत तुमच्या घरातून असेच दोन आवाज येत राहोत. हा लेख मात्र दुसरं कोणीतरी वाचणार आहे. तुम्ही दोघांनी बसून फक्त ऐकायचं.