थोरला एकदाच

छापखान्यात तो जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारा. पाठीला पोक आलं, बोटांवरची शाई साबणाला दाद देईना, तरी काम काही सुटलं नाही. सगळ्या खिळ्यांत त्याचा जीव एका वळणावर. जुन्या घाटाचं जाड अक्षर, दांड्याच्या टोकाला छोटंसं पाऊल, असं रोवून उभं की हलायचं नाव नाही. छापखान्यात त्याला 'थोरला' म्हणत. दुकानाचं नाव, गेलेल्या माणसाचं नाव, 'आज बंद'ची पाटी, ही थोरल्याची कामं. एखादं गिऱ्हाईक सगळाच मजकूर थोरल्यात मागायचं, मग जुळारी वैतागायचा. "अहो, घरात सगळेच थोरले झाले तर ऐकायचं कोणी? एका कागदावर थोरला एकदाच."

बायकोची नजर अधू झाली. बारीक अक्षर दिसेना. लेकीने बजावलं, "आईला स्वतःच्या गोळ्या घेता येत नसतील तर मी तिला माझ्याकडे नेते. बाबा, तुम्ही दिवसभर कामावर." पोरीचं चूक नव्हतं. कामावरून आला की त्याच्यात बोलायचंही त्राण नसायचं. पण बायकोच गेली तर त्या घरात परत यायचं कशासाठी, या विचारानेच तो धास्तावला.

म्हणून त्याने चिठ्ठ्या छापून स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या डब्या-बाटल्यांवर डकवल्या. मीठ, साखर, चहापत्ती, आणि गोळ्यांच्या दोन सारख्या बाटल्यांवर 'सकाळी' आणि 'रात्री'. सगळं थोरल्यात. बायको खूश, हा तिच्याहून खूश.

एका दुपारी लेक आली तर दार उघडेना. शेजारणीकडची किल्ली आणून आत शिरली, तर आई गाढ झोपलेली. सकाळी तिने रात्रीची झोपेची गोळी घेतली होती. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही. लेकीने मात्र आईचे कपडे बॅगेत भरायला घेतले.

जुळारी येऊन फळीसमोर उभा राहिला. चष्मा काढून, डोळे किलकिले करून, तिला दिसत असेल तसं बघितलं. सगळीकडे काळेच काळे ठिपके. जन्मभर गिऱ्हाइकांना झापलं आणि स्वतःच्या घरात तेच शेण खाल्लं, मूर्ख कुठला. त्याने नखांनी सगळ्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या. एकच ठेवली, 'रात्री'. मीठ-साखर काय, तिची जीभ ओळखतेच की.

बायको उठल्यावर लेकीने फळीकडे बोट दाखवलं. "आई, सकाळची घे."

तिने डोळे बारीक केले, काळ्या चिठ्ठीची बाटली बाजूला सारली आणि दुसरी उचलली. लेकीने बाटल्यांच्या जागा बदलून बघितलं. पुन्हा तेच. लेक बॅगेशेजारी बसून राहिली. "ठीक आहे. पण रोज फोन करणार मी."

बायकोने बाटली खाली ठेवली. "तुमचं दोघांचं ठरलं, छान झालं. पण अहो, मला कुणी विचारलं का? इतक्या चिठ्ठ्या छापल्यात. मी इथे राहावं असं तुम्हाला वाटतं, की नुसतीच चिकटवाचिकटव?"

जुळारी दमून खुर्चीत बसला होता, पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. इतक्या वर्षांत असं काही बोलायची त्याला सवय नव्हती.

"राहा," तो म्हणाला. एकदाच म्हणाला.

तिने कपडे बॅगेतून काढायला सुरुवात केली.