साध्या वारलूचे पाहुणे

आमच्या गावात वारलू तीन. पहिला पटवाला वारलू; शंकरपटाच्या शर्यतीत त्याची बैलजोडी सुटली की लोक झाडावर चढून बघतात. दुसरा नाटकवाला वारलू. झाडीपट्टीच्या नाटकांत विनोदी कामं करतो आणि नुसता रंगमंचावर आला तरी बाया तोंडाला पदर लावतात. तिसरा माझा शेजारी. त्याने काहीच गाजवलेलं नाही, म्हणून तो साधा वारलू.

त्याचं घर स्टँडला लागून. ब्रह्मपुरीहून काळीपिवळी जीप आली की उतरणारा विचारणार, "वारलूभाऊ कुठी रायते?" आणि पानठेलेवाला याच्याच दाराकडे बोट दाखवणार. मग हा पाहुण्याला बसवणार, चहा पाजणार आणि ज्या वारलूचा असेल त्याच्या दारापर्यंत पोचवून येणार. दुसऱ्यांच्या पाहुण्यांपायी याच्या घरची साखर संपायची आणि जीव माझा जळायचा.

"भाऊ, नुसतं बोट दाखवा ना," मी म्हणायचे.

"बाई, उन्हाचा आला मानूस. नाव तं माह्यंच घेतलं ना त्यानं!"

गेल्या वर्षी या नावानेच घात केला. त्याच्या पुनमला बघायला आलेली मंडळी गाडीने थेट गावात शिरली आणि पटवाल्याच्या दुमजली घरी जाऊन बसली. चूक कळल्यावर याच्या कौलारू घरी आली खरी, पण पोह्यांना हातही न लावता उठली. पुनम हसून दाखवत राहिली. तिची आई रुखमाबाई मात्र कितीतरी दिवस धड जेवली नाही.

यंदा दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, तोंडावर बल्लारपूरचे गुणवंतराव मुलाला, प्रणितला, घेऊन येणार होते. रुखमाबाईने नवऱ्याला बजावलं, "स्टँडवरून हालू नोका. कोनीबी येवो."

इस्त्रीचा सदरा घालून वारलूने सकाळपासून स्टँडवर ठाण मांडलं. तेवढ्यात जीपमधून एक म्हातारा उतरला. मंडईसाठी नाटक ठरवायला आलेला, नाटकवाल्याला शोधत. बिचाऱ्याला दिसतही कमी होतं. वारलूने एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा म्हाताऱ्याकडे, आणि त्याचा हात धरून निघाला.

"भाऊ, कुठी चालले?" मी अंगणातून ओरडले.

"आलोच!"

त्याची पाठ वळली आणि दुसरी जीप आली. मी भांडी टाकून धावले, तोवर पाहुणे गेले होते. पानठेलेवाला म्हणाला, "वारलूभाऊ तं इथी नोहोते. म्हून पटवाल्याकडे धाडलो." मी कपाळावर हात मारून घेतला.

वारलू परतला तेव्हा रुखमाबाई चुलीपासून उठून ओसरीवर येऊन बसली होती. तो खांबाला धरून उभा राहिला.

मग गल्लीच्या तोंडाशी गलका ऐकू आला. पुढे गुणवंतराव आणि प्रणित, त्यांच्या एका बाजूला पटवाला, आणि दुसऱ्या बाजूला वाटेत सामील झालेला नाटकवाला त्या म्हाताऱ्यासकट. पटवाल्याने पाहुण्यांना दारातच सांगून टाकलं होतं, की तुमचा वारलू मी नाही; माझा प्रत्येक पाहुणा आजवर त्याच्या घरचा चहा पिऊनच आलाय, आज त्याचा पाहुणा पोचवायची पाळी माझी.

वारलूने हात जोडले. "माफ करजा. तुमाले घ्याले मी स्टँडवर पाह्यजे होतो."

"मंग कुठी गेलते?" गुणवंतरावांनी विचारलं.

त्याने म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. "यायले पोचवाले."

गुणवंतराव मोठ्याने हसले. "आता पोरापोरीले बोलू द्या. आमचं तं ठरलं!"

पुनम आणि प्रणित परसात बोलत बसले. ती आत आली आणि मला काही विचारावंच लागलं नाही, तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. पोहे दोनदा करावे लागले.

लग्न उन्हाळ्यात झालं. व्याहीभेटीला माईकवर पुकारा झाला, "वारलूभाऊ, पुढं या!" साधा वारलू सवयीने शेजारच्या दोघांकडे बघत बसून राहिला. दोघांनी त्याला काखेत धरून उठवलं आणि पुढे नेलं. गुणवंतरावांनी पिशवीतून शेले काढले, चांगले तीन.

"तीन वारलू हायेत म्हनते. मी कोनाले सोडू?"

पण पहिला शेला त्यांनी कुणालाही न विचारता साध्या वारलूच्या खांद्यावर घातला. मी भर मंडपात रडले, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.